नवरा म्हणतो, ‘बुद्धांनीही घर सोडलंच होतं!’

‘‘सप्रेम नमस्कार. माझं वय ४१, यांचं ४६. लग्नाला सतरा वर्षं झाली. मुलगी सोळा वर्षांची, मुलगा तेरा. गेले आठ-नऊ महिने हे बुद्धांविषयी वाचतात, मोबाइलवर प्रवचनं ऐकतात. त्याला माझी काहीच हरकत नव्हती. पण आता घरात बोलणंच उरलेलं नाही. मुलीच्या परीक्षेचा विषय काढला, तर म्हणतात, ‘आसक्ती कमी कर.’ गृहकर्जाचं विचारलं, तर ‘सगळं दुःखच आहे’. मागच्या महिन्यात यांनी सरळ सांगितलं, मुलगा अठराचा झाला की घर सोडून भिक्खू होणार. मी रडले, तर म्हणाले, ‘सिद्धार्थांनीही यशोधरेला झोपेत सोडलंच होतं, म्हणून जगाला बुद्ध मिळाले.’ यावर मी काय बोलणार? मी काही वाचलेलं नाही. (यांचे कॉलेजपासूनचे एक मित्र मागच्या वर्षी ऑफिसातच हार्ट अटॅकने गेले, तेव्हापासून हे जरा गप्पच असतात.) बुद्धांनी खरंच असं शिकवलं का? बायको-मुलांना सोडल्याशिवाय त्या मार्गावर काही मिळतच नाही का? आणि मी यांना उत्तर काय देऊ?’’
– एक वाचक

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्या यजमानांचा राग आला. दुसऱ्यांदा तो बराच उतरला. का, ते पुढे सांगते. आधी ‘मी काही वाचलेलं नाही, मी काय बोलणार’ या वाक्याबद्दल, कारण तेच मला जास्त खुपलं. भांडणात एकाच्या हाती ग्रंथ आणि दुसरीच्या डोळ्यांत नुसतं पाणी, ही काही बरोबरीची लढत नाही. तेव्हा आधी थोडे ग्रंथ तुमच्याही हाती देते.

झोपलेल्या यशोधरेपासूनच सुरुवात करू. मध्यरात्र, कंथक घोडा, सारथी छन्न, शेजेवर आई आणि कुशीत बाळ, उंबऱ्यावरून टाकलेली शेवटची नजर. हे चित्र आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे आणि ते सुंदरही आहे. पण ते उत्तरकालीन काव्यांमधून आणि अट्ठकथांमधून, म्हणजे नंतरच्या टीकाग्रंथांमधून, आलेलं. त्याहून जुन्या थरात, पाली त्रिपिटकातल्या मज्झिम निकाय या संग्रहात, ‘अरियपरियेसन सुत्त’ आहे (सुत्त म्हणजे बुद्धांचं प्रवचन). त्यात बुद्ध स्वतःच भिक्खूंना आपल्या घर सोडण्याची हकीकत सांगतात. मी तरुण होतो, केस काळेभोर होते, आईवडिलांची इच्छा नव्हती, ते आसवं गाळत रडत होते. तशात मी केस-दाढी उतरवली, काषाय वस्त्रं घेतली आणि घराबाहेर पडलो, असं ते म्हणतात. म्हणजे चोरपावलांनी नाही, सगळ्यांच्या देखत. (आई म्हणजे इथे मावशी महाप्रजापती गौतमी म्हणायची. जन्मदात्री महामाया सिद्धार्थांच्या जन्मानंतर सातव्या दिवशीच वारली होती.)

म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी ही चार दृश्यं पाहून वैराग्य आलं, हीसुद्धा अशीच गोष्ट. सुत्तांमध्ये ती येते ती विपस्सी नावाच्या फार पूर्वीच्या बुद्धांच्या चरित्रात. गौतमांच्या नावावर ती नंतर लागली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर एकही म्हातारा पाहिला नसेल, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही पटलं नव्हतं. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी वेगळं कारण मांडलं. शाक्य आणि कोलिय या शेजारी गणांमध्ये रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा झाला, शाक्य संघाने युद्ध ठरवलं, सिद्धार्थांनी विरोध केला आणि त्याची किंमत म्हणून परिव्रज्या, म्हणजे घर सोडून संन्यास, पत्करली. मुख्य म्हणजे त्या मांडणीत यशोधरा टक्क जागी आहे. सिद्धार्थ तिला सगळं सांगतात, ती त्यांना पाठिंबा देते आणि म्हणते की राहुलला सांभाळायचं नसतं तर मीही तुमच्याबरोबर आले असते.

तेव्हा ‘झोपेत सोडलं’ हा काही धम्माचा सिद्धान्त नाही. जुन्या ग्रंथातली हकीकत घ्या किंवा बाबासाहेबांची मांडणी घ्या, दोन्हींत घरच्यांना तोंड देऊन निघालेला माणूस दिसतो. आसक्तीवरचं एक वाक्य फेकून तिथे कोणी विषय संपवलेला नाही.

आता जरा त्या काळात जाऊ, कारण काळ बाजूला ठेवला की घर सोडणं हा एकट्या माणसाचा चमत्कार वाटू लागतो. जन्म लुंबिनीचा, आजच्या नेपाळच्या तराईतला. तिथे अशोकाचा स्तंभ आहे. शाक्यमुनी बुद्ध इथे जन्मले असं त्यावर कोरलंय आणि त्या आनंदात गावाचा कर कमी केल्याचीही नोंद आहे. जन्मवर्ष आपल्या पुस्तकांत सहसा इ.स.पू. ५६३ असं असतं; अलीकडचे बरेच अभ्यासक बुद्धांचा काळ त्याहून शंभरेक वर्षांनी अलीकडे आणतात. गंगेच्या खोऱ्यात तेव्हा नगरं वाढत होती, नाणी चालू लागली होती, मगध आणि कोसल ही राज्यं लहान गणांना गिळायला टपली होती. जुने यज्ञ, जुनी कुळं, जुनी उत्तरं अपुरी वाटणारी शेकडो माणसं श्रमण होऊन हिंडत होती. महावीर त्याच काळातले, आजीवक पंथाचा मक्खली गोसालही. घर सोडून सत्य शोधायला निघणं ही समाजाने ओळखलेली, भिक्षा घालून पोसलेली वाट होती. आणि मागे राहिलेल्या यशोधरेच्या पाठीशी सासरे शुद्धोदन आणि सबंध शाक्य कुळ उभं होतं. तिला महिन्याच्या महिन्याला हप्ता भरायचा नव्हता. मी हे थट्टेने म्हणत नाही. कर्जाचा मुद्दा पुढे खुद्द विनयातच, म्हणजे भिक्खुसंघाच्या नियमांतच, येणार आहे.

वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी निघालेल्या सिद्धार्थांना मिळालं काय? सुरुवातीला फारसं काही नाही, आणि प्रवचनांत नेमका हाच भाग घाईने उरकतात. आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त या दोन गुरूंकडून समाधीच्या वरच्या पायऱ्या शिकून झाल्या, समाधान होईना. मग उरुवेलेला घोर तपश्चर्या, श्वास कोंडणं, अन्न मूठभरावर आणणं. पोटाला हात लावला की पाठीचा कणा लागायचा, असं वर्णन आहे. अशी सहा वर्षं गेली. शेवटी त्यांनी ओळखलं की हाही रस्ता चुकतोय. त्यांनी अन्न घेतलं. बरोबरचे पाच तपस्वी ‘हा ऐषारामाकडे वळला’ म्हणून निघून गेले. त्यानंतर, पस्तिसाव्या वर्षी, पिंपळाखाली बोधी, म्हणजे ज्ञानप्राप्ती. म्हणजे घर सोडल्यावर सहा वर्षांनी, आणि तीही शरीराचा छळ सोडून दिल्यावर. घर सोडणं आणि बोधी यांच्यामध्ये तुमचे यजमान बरोबरीचं चिन्ह टाकतायत. तिथे खरं म्हणजे सहा वर्षांची चूक आणि तिची कबुली आहे.

ते पाच जण वाराणसीजवळ इसिपतनाला, आजच्या सारनाथला, भेटले. तिथल्या पहिल्या प्रवचनात पहिलंच सांगणं हे: कामसुखात बुडणं आणि स्वतःला पिळून काढणं, ही दोन्ही टोकं टाळा. मग चार आर्यसत्यं.

इथे थोडं थांबते, कारण तुमच्या घरातला घोटाळा इथेच आहे. ‘सगळं दुःखच आहे’ एवढ्यावर ते प्रवचन थांबत नाही. दुःख म्हणजे काय, ते नावानिशी सांगितलंय: जन्म, म्हातारपण, मरण, नको त्याच्याशी गाठ पडणं, प्रियाचा वियोग, हवं ते न मिळणं, आणि थोडक्यात, ज्या पाच गोष्टींना आपण ‘मी, माझं’ म्हणून घट्ट धरतो त्या. शरीर, सुखदुःखाची वेदना, ओळखणारी संज्ञा, मनाचे संस्कार आणि जाणीव, हे ते पाच स्कंध. यातलं काहीही एका जागी ठरत नाही, हे अनित्य. यातलं काहीही शेवटपर्यंत ‘मी’ म्हणून हाती लागत नाही, हे अनात्म. संसारात सुख नसतंच असं बुद्ध म्हणत नाहीत. ते सुख कायम राहील या भरवशावर आपण घर बांधतो, तो भरवसा खोटा ठरतो, असं ते म्हणतात. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि मुलीच्या परीक्षेची चौकशी त्या अंतरात कुठेच अडत नाही.

दुसरं सत्य तृष्णेचं. तीन तऱ्हांची तृष्णा तिथे सांगितलीय. कामतृष्णा, म्हणजे भोगाची. भवतृष्णा, म्हणजे काहीतरी होण्याची, टिकण्याची. तिसरी विभवतृष्णा, हिच्याकडे लोकांचं लक्ष जात नाही. हे नको, हे संपून जावं, यातून मी एकदाचा सुटावा, ही जी ओढ असते तिलाही बुद्धांनी तृष्णाच म्हटलंय. दुःखाचं मूळ म्हणून ती पहिल्या दोघींच्या शेजारीच बसवलीय. तुमच्या पत्रात यजमानांची जी वाक्यं आहेत ती मला बहुतेक या तिसरीची वाटतात. पुढे भिक्खू होण्याचं जे स्वप्न आहे त्यात थोडी दुसरीही असावी. भगवी वस्त्रं, शांत चेहरा, लोकांनी जोडलेले हात, हेही ‘काहीतरी होणं’च की.

आणखी एक बारीक गोष्ट त्याच प्रवचनात आहे, मला ती सगळ्यात मोलाची वाटते. चारही सत्यांना एकेक काम जोडलेलं आहे. दुःख नीट जाणून घ्यायचं. तृष्णा सोडायची. निरोध, म्हणजे तृष्णा विझल्यावरची शांती, स्वतः अनुभवायची. आणि मार्ग रोज चालून वाढवायचा. तुमच्या यजमानांनी पहिल्या दोहोंच्या कामांची अदलाबदल केलीय. जे जाणून घ्यायचं ते सोडायला निघालेत आणि जी सोडायची तिला पिशवीत भरून बरोबर नेतायत.

मार्ग आठ अंगांचा: सम्यक दृष्टी, संकल्प, वाचा, कर्मान्त, आजीविका, व्यायाम, स्मृती आणि समाधी. (व्यायाम म्हणजे जोर-बैठका नव्हेत, मनात चांगलं वाढवण्याचे आणि वाईट रोखण्याचे प्रयत्न.) यातली वाचा आणि आजीविका यांच्याकडे जरा बघा. खोटं, चहाडी, कठोर बोलणं आणि वायफळ बडबड टाळणं, ही सम्यक वाचा. रडणाऱ्या बायकोला ‘झोपेत सोडलंच होतं’ म्हणणं यातल्या कुठल्या प्रकारात बसतं ते त्यांनीच ठरवावं. आजीविका म्हणजे पोट कशावर भरतो. शस्त्रं, प्राणी, मांस, दारू आणि विष यांचा व्यापार उपासकाने, म्हणजे घरात राहणाऱ्या अनुयायाने, करू नये, असं सांगितलंय. आता, मार्ग फक्त घर सोडलेल्यांसाठी असता तर उपासकाला व्यापाराचे नियम कशाला सांगितले असते?

हे सगळं वाचून तुम्ही लगेच त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहाल, म्हणून आधी दुसरी बाजूही सांगते. नाहीतर तेच तुम्हाला ती ऐकवतील. घरवास दाटीवाटीचा, धुळीची वाट. प्रव्रज्या (घर सोडून संन्यास घेणं) म्हणजे मोकळं आकाश, हे वाक्य सुत्तांमध्ये वारंवार येतं. ‘उदान’ या पाली ग्रंथात संगामजी नावाच्या भिक्खूची गोष्ट आहे. त्याची पूर्वाश्रमीची पत्नी लहान मूल घेऊन येते, ‘आम्हाला पोस’ म्हणते, मूल त्याच्यापुढे ठेवून बाजूला होते. तो वळूनही बघत नाही. ती मूल उचलून निघून जाते, आणि बुद्ध त्या भिक्खूची स्तुती करतात. मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. आजही ती माझ्या गळी उतरत नाही. विनयात प्रव्रज्येसाठी आईवडिलांची परवानगी लागते. पुरुषाला बायकोची लागते असं मात्र कुठे नाही. उलट भिक्खुणी होऊ पाहणाऱ्या बाईला नवऱ्याची परवानगीही लागायची. हा एकतर्फीपणा त्या काळाचा म्हणून मी समजू शकते, पण झाकणार नाही.

तरी गृहस्थाला मार्ग बंद, हा निष्कर्ष चुकीचाच. वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकाने बुद्धांना थेट हेच विचारलं होतं. उत्तर मिळालं ते असं की घरात राहणारे, पांढरी वस्त्रं नेसणारे, संसार करणारे असे माझे उपासक शंभर नाहीत, पाचशे नाहीत, त्याहून कितीतरी जास्त आहेत, जे शंका पार करून या शिकवणीत स्थिरावलेत. आणि त्यांत उपासिकाही आल्या. चित्त नावाचा गृहपती तर भिक्खूंना धम्म समजावून द्यायचा. श्रावस्तीचा अनाथपिंडिक सावकार होता, विशाखा मुलानातवंडांनी भरलेल्या घरची कर्ती बाई होती.

कोलियांपैकी दीघजाणु नावाचा एक माणूस बुद्धांकडे आला तो मला फार आवडतो, कारण तो काही सोंग करत नाही. म्हणतो, आम्ही गृहस्थ, मुलाबाळांच्या गर्दीत राहतो, काशीचं चंदन लावतो, फुलांच्या माळा घालतो, सोनंनाणं हाताळतो. आम्हाला झेपेल असं सांगा. बुद्ध त्याला ‘आधी हे सगळं टाक’ म्हणत नाहीत. कष्टाने आणि कौशल्याने कमव, कमावलेलं राख, चांगली सोबत धर आणि आवक-जावक बघून बेताने राहा, हे सांगतात. श्रद्धा, शील, दान आणि प्रज्ञा यांचा नंबर त्यानंतर. तुम्ही गृहकर्जाचा विषय काढता तेव्हा तुम्ही धम्माच्या आड येत नाही. दीघजाणुला दिलेल्या उपदेशातला चौथा मुद्दा काढत असता.

आणि सिगाल. राजगृहाचा हा तरुण रोज सकाळी ओल्या केसांनी, ओल्या कपड्यांनी सहा दिशांना नमस्कार करायचा, कारण वडिलांनी मरताना तसं सांगितलं होतं. बुद्धांनी त्याला दिशांचा वेगळा अर्थ दिला. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण गुरुजन, पश्चिम बायको-मुलं, उत्तर मित्र, खालची दिशा नोकरचाकर, वरची श्रमण-ब्राह्मण. प्रत्येक दिशेशी वागायची रीत पाच-पाच मुद्द्यांत सांगितलीय. पश्चिम दिशेशी, म्हणजे बायकोशी, नवऱ्याने कसं वागायचं? तिचा मान राखायचा, तिला कमी लेखायचं नाही, तिच्याशी बेइमानी करायची नाही, घरातला अधिकार तिच्या हाती द्यायचा, तिला दागदागिने द्यायचे. बायकोचीही पाच कर्तव्यं आहेत. तुमचं पत्र वाचून वाटतं की तुम्ही ती सतरा वर्षं पार पाडताय. हे सुत्त लहान आहे. एकदा दोघांनी मिळून वाचा. दागिन्यांच्या मुद्द्याला तुम्ही हसाल, आणि तुमच्या घरात सध्या हसण्याची गरज आहेच.

राहुलबद्दलही सांगायला हवं. बोधीनंतर बुद्ध कपिलवस्तूला आले तेव्हा अट्ठकथा सांगते की यशोधरा दर्शनाला गेली नाही. माझ्यात काही गुण असेल तर ते स्वतःच माझ्याकडे येतील, म्हणाली. आणि बुद्ध गेले, तिच्या दालनात. (जुन्या पाली ग्रंथांत तिला बहुधा नुसतं ‘राहुलमाता’ म्हणतात. नाव नंतर मोठं झालं.) त्याच मुक्कामात राहुल बापाकडे वारसा मागायला गेला आणि बुद्धांनी आपले शिष्य सारिपुत्त यांच्याकरवी त्याला श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, केलं. शुद्धोदन कोलमडले. आधी मुलगा गेला, आता नातू. ते बुद्धांना म्हणाले, पुत्रप्रेम त्वचा कापतं, मांस कापतं, स्नायू, हाड आणि शेवटी हाडातल्या मज्जेपर्यंत जातं. यापुढे आईवडिलांच्या परवानगीशिवाय कुणाच्या मुलाला प्रव्रज्या देऊ नका. बुद्धांनी म्हाताऱ्या बापाला आसक्तीवर व्याख्यान दिलं नाही. ते ऐकून घेतलं आणि संघासाठी नियम केला. माझ्या मते तुमच्या यजमानांनी वाचायची खरी जागा ही आहे.

उपसंपदेच्या, म्हणजे पूर्ण भिक्खू होण्याच्या, वेळी उमेदवाराला आजही जे प्रश्न विचारतात त्यांत आईवडिलांच्या परवानगीबरोबर दुसरे काही आहेत. तू माणूस आहेस ना? स्वतंत्र आहेस ना? तुला अमुक अमुक रोग नाहीत ना? राजाच्या नोकरीत नाहीस ना? आणि ‘अनणोसि?’ म्हणजे, तुझ्यावर ऋण नाही ना? देणेकऱ्यांना चुकवून चीवर पांघरता येत नाही. बँकेचं कर्ज त्यात मोडतं, याबद्दल मला तरी शंका नाही.

आता तो कंस.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. कॉलेजपासूनचा मित्र, बहुधा त्यांच्याच वयाचा, कामाच्या टेबलावर गेला. त्यानंतर हे गप्प झाले आणि मग बुद्ध वाचू लागले. चार दृश्यांची गोष्ट सिद्धार्थांच्या बाबतीत घडली असो वा नसो, तुमच्या नवऱ्याच्या बाबतीत त्यातलं तिसरं दृश्य खरोखर घडलंय. आपल्याकडे स्मशानवैराग्य म्हणतात आणि चार दिवसांत उतरतं म्हणून हसतात. यांचं उतरलं नाही, कारण त्यावर बहुधा कुणी बोललंच नाही. दुःख जाणून घ्यायचं राहून गेलं. घाबरलेल्या माणसाच्या हातात ‘सर्व अनित्य’ हे वाक्य पडलं, की तो त्याची ढाल करतो. माझा राग उतरला तो इथे.

म्हणून त्यांच्याशी ग्रंथांनी लढू नका. वरचं सगळं मी तुमच्या मनाला आधार म्हणून दिलं, जेवणाच्या ताटावर फेकायला नाही. मित्राबद्दल विचारा. तो कसा होता, शेवटचं बोलणं काय झालं होतं, ती बातमी कळली तेव्हा हे कुठे होते. उत्तर पहिल्या दिवशी येणार नाही. त्या मित्राच्या घरी अजून गेला नसाल तर दोघं जाऊन या.

झोप, भूक, कामातलं लक्ष यांकडेही बघा. महिनोन्‌महिने बोलणं बंद, कशातच रस नाही, असं असेल तर डॉक्टरांना दाखवायला हवं. दुःखातून आलेलं नैराश्य वैराग्याचे कपडे घालून फिरू शकतं. ‘मला काय झालंय’ म्हणाले, तर सांगा की बुद्धांनीही जीवक वैद्याचं औषध घेतलं होतं. आणि ‘जगून काय करायचंय’ अशा अर्थाचं काही बोलले, तर वाट न पाहता त्याच दिवशी मदत घ्या.

त्यांची ओढ खोटी आहे असं मात्र गृहीत धरू नका. काही दिवसांच्या ध्यान शिबिराला जायचं म्हणाले तर जाऊ द्या. थायलंड, म्यानमारमध्ये गृहस्थ माणसं थोड्या दिवसांसाठी, काही जण पावसाळ्याच्या तीन महिन्यांसाठी चीवर घेतात आणि मग घरी परततात, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. पाच वर्षांनी घर सोडण्यापेक्षा आज रोज अर्धा तास शांत बसणं आणि उरलेले साडेतेवीस तास पंचशील सांभाळणं अवघड आहे. तेवढं करून बघा म्हणावं. तुम्हालाही त्यांच्याबरोबर बसावंसं वाटलं तर बसा, पण केवळ त्यांना धरून ठेवण्यासाठी नको. आणि इतकं करूनही त्यांचं जाणं ठरलंच, तर तुम्ही हसतमुखाने निरोप द्यायलाच हवा असं धम्मात कुठेही लिहिलेलं नाही. महाप्रजापतीसुद्धा रडलीच होती, आणि पुढे हीच बाई शाक्य स्त्रियांना घेऊन, सुजलेल्या पायांनी, वैशालीपर्यंत चालत जाऊन संघाचं दार स्वतःसाठी उघडून घेणारी निघाली.

राहता राहिलं तुमचं ‘उत्तर काय देऊ’. एकच प्रसंग त्यांना वाचून दाखवा. सारिपुत्त आणि मोग्गल्लान, बुद्धांचे दोन पट्टशिष्य, लहानपणापासूनचे एकमेकांचे मित्र, थोड्याच अंतराने गेले. त्यानंतर गंगेकाठी उक्काचेल इथे बुद्ध भिक्खुसंघासमोर बसले असताना म्हणाले की ते दोघं गेल्यापासून ही सभा मला रिकामी वाटते. पुढे त्याच सुत्तात तथागतांना शोक होत नाही असंही आहे, अनित्यतेचा उपदेशही आहे. पण रिकामं वाटतं, हे त्यांनी आधी सांगितलं, सगळ्यांसमोर.

ते वाचून झालं की गप्प बसा. ते बोलले तर ऐका. गृहकर्जाच्या हप्त्यांचं त्या दिवशी काढू नका, दुसऱ्या दिवशी काढा.